दर्भाचा कावळा

भोंगवली,
२८ ऑगस्ट २०२५

ती. आक्का,

पाया पडतो. कागदावरून पडतोय, म्हणजे या वेळी तुला पाय आत घेता येणार नाहीत.

काल घरी गणपती बसला. तुझ्या भावजयीनं, रत्नानं, एकवीस मोदक केले आणि माझ्या साखरेपायी मला अर्धा दिला, तोही असा जपून की रेशनच्या दुकानदारानं तिच्याकडून शिकावं. घेवडा फुलावर आहे. गुडघा दुखतो, पण तो निवडणुकीच्या आधीपासून दुखतोय, त्यामुळं त्याचं खापर विरोधकांवर फोडता येत नाही. परवा किकवीच्या पुलाखाली तुझा सोमेश्वर टेम्पो घेऊन उभा दिसला. मी हात केला, त्यानंही केला. भाचा जवळ आला नाही, मीही ये म्हणालो नाही.

अक्षर वाकडं आहे, त्याला इलाज नाही. आमदारकीची पंचवीस वर्षं माझी पत्रं माझ्या पीएनं, गोरखनं लिहिली आणि मी खाली सही ठोकली. बदली, बोअर, दाखला, दवाखान्यातली खाट, सगळ्याला एकच सुरुवात, 'प्रस्तुत पत्रधारक माझ्या चांगल्या परिचयाचे असून'. त्या पत्रधारकाचं तोंडसुद्धा मी बघितलेलं नसायचं. हे पत्र मात्र माझं मी लिहितोय. तुझी नात वाचून दाखवत असेल. स्वप्नाली बाळ, अडशील तिथं थांब, पण गाळू नकोस काही. तुझ्या आजीला गाळलेलं लगेच कळतं.

मोबाईल लावून थकलो, आक्का. सोमेश्वर उचलतो आणि म्हणतो, आई रानात गेलीय. भर पावसात रानात, सणाच्या दिवशी रानात, रात्री जेवायच्या वेळेला रानात. ऐंशी वर्षांच्या बाईला एवढं रान कुठून आलं, असं एकदा विचारणार होतो. नाही विचारलं. साडेसहा वर्षं झाली. दाजींच्या दहाव्याच्या दिवशी घाटावरून निघताना मी वाकलो, आणि तू पाय लुगड्यात ओढून घेतलेस. तेव्हापासून तू माझ्याशी बोलली नाहीस.

का, ते मला ठाऊक आहे. त्या दिवशीच्या दोन गोष्टी आहेत. एक लिहितो. दुसरी लिहायला जमतंय का बघू.

आधी हे आत्ताच का आठवलं ते सांगतो. मागच्या सोमवारी किकवीच्या गेनबाचा दहावा झाला. गेनबा तुला आठवत असेल. माझ्या पहिल्या निवडणुकीत सायकलवर भोंगा बांधून हिंडायचा. तोतरा होता गडी, पण भोंगा दुसऱ्याच्या हातात देईल तर शपथ. माझं नाव त्याच्या तोंडून पुरतं बाहेर पडेपर्यंत सायकल पुढच्या वस्तीवर गेलेली असायची. त्या निवडणुकीत मी पडलो त्याला ते एक कारण असेल, असं मी त्याला चिडवायचो आणि तो पोट धरून हसायचा.

आता मी आमदार नाही, त्यामुळं दहाव्याला मला पुढं बोलवत नाहीत. बरंच आहे. मागं चिंचेखाली बसलो. भाषणाला उठला इंद्रजित. माझ्याच हाताखाली तयार झालेला पोरगा, आता जिल्ह्याच्या राजकारणात आहे. माईक हातात घेतला आणि म्हणाला, "कैलासवासी गेनबा हे अत्यंत शांत, संयमी आणि मनमिळाऊ स्वभावाचे होते. धार्मिक वृत्तीचे होते. काबाडकष्ट करून त्यांनी संसार उभा केला, मुलांवर चांगले संस्कार केले. त्यांच्या जाण्यानं परिसराची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे."

माझं भाषण, आक्का. शब्दन् शब्द माझा. 'हानी'च्या आधी श्वास घ्यायची जागासुद्धा माझी. भोंग्याचं नाव नाही, सायकलचं नाही. पुढं बायकांत गेनबाची बायको बसली होती. तिनं एकदा मान वर करून इंद्रजितकडं बघितलं आणि परत खाली घातली. एवढंच. पण ते बघणं मी ओळखलं. तसंच मी एकदा तुझ्या डोळ्यांत बघितलंय.

तुला आमच्या धंद्यातली रीत ठाऊक नसेल म्हणून सांगतो. भोर-वेल्ह्यात आमदारकी करायची म्हणजे सभागृहात प्रश्न एक वेळ राहिला तरी चालतो, दहावा राहून चालत नाही. सकाळी सातला पांढरे कपडे घालून गाडीत बसायचं. एक दहावा नसरापूरला, एक भोरच्या घाटावर, एक कुठंतरी डोंगरातल्या वाडीला. गोरख गाडीत चिठ्ठी द्यायचा. मयताचं नाव, गाव, मुलं किती, सोसायटीत होते का, माळकरी का. ती भाषणात बसवायची. पाच वेळा निवडून आलो त्यात रस्त्यांचा वाटा किती आणि दहाव्यांचा किती, हे मला विचारशील तर मी खाली बघेन. तसं मन लावूनही जायचो गं. सगळंच खोटं नव्हतं. पण शंभर घरी तेच बोललं की शब्दांना हात लावला तरी गार लागतात.

आणि मग दाजी गेले. मार्गासनीच्या घाटावर माघातली थंडी होती. मी माईक घेतला आणि तुझ्या नवऱ्याला, माझ्या हरिबा दाजींना, अत्यंत शांत आणि संयमी म्हणालो.

शांत! दाजी! दाजींनी बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातली बैलं थांबायची. देवळात गेले तर पुजाऱ्याशी भांडून यायचे. धार्मिक वृत्तीचे म्हणे! मागं कुणीतरी तोंडावर उपरणं धरून हसलं, ते मी ऐकलं. आणि तू मान वर करून बघितलंस.

त्यानंतर लोकांना मी सांगत आलो की सवयीनं तोंडातून गेलं. गोरखनं नेहमीसारखी चिठ्ठी दिली, मी वाचली, दुःखात भान नव्हतं. रत्नालाही हेच सांगितलं. तुलाही सोमेश्वरकडून हाच निरोप धाडला होता.

ते खरं नाही. चिठ्ठी कोरी होती.

गोरखनं गाडीत माझ्या हातात नुसता कागद दिला आणि म्हणाला, "साहेब, हे तुमच्या घरातलं माणूस. म्या काय लिहू?" कोरा कागद खिशात घालून मी घाटावर उतरलो. काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. घशापर्यंत आलं होतं. ते मी गिळलं आणि पाठ असलेलं बोललो. जाणूनबुजून.

काय गिळलं ते तुला सांगायला नको, तू त्या दिवशी घरात होतीस. पण मला ते एकदा माझ्या हातानं लिहायचंय. पहिल्या निवडणुकीची मोजणी भोरला चालली होती. दुपारपर्यंत कळलं की मी बुडालो. मागच्या दारानं निसटलो, एसटी धरली, मार्गासनीला उतरलो आणि तुमच्या गोठ्याच्या माळ्यावर वैरणीत जाऊन लपलो. चौतीस वर्षांचा घोडा, दोन लेकरांचा बाप, कडब्यात तोंड खुपसून रडत होतो. दाजी आले. शिडी लावून वर आले. माझ्या बखोटीला धरून खाली आणलं आणि एक ठेवून दिली. अजून हा कान त्या बाजूनं गरम होतो. म्हणाले, "तुझ्यासाठी भाकरी बांधून हिंडलेली मानसं तिथं हुबी हायेत. त्यास्नी तोंड दाखीव. पडल्यावर लपतो त्यो निवडून आल्यावर तर दिसायचाच न्हाई." मग तसंच ओढत रस्त्यावर आणलं, दुधाच्या टेम्पोत बसवलं आणि भोरला नेऊन उभं केलं. मी एकेकापुढं हात जोडत फिरलो. दाजी मागं उभे, मी परत पळतो का बघायला.

त्या हात जोडण्यानं मी आमदार झालो, आक्का. पुढच्या वेळी लोक म्हणाले, हा गडी पडला तरी पळाला नाही. मी ते वाक्य उचललं. तीस वर्षं प्रत्येक सभेत वापरलं, 'मी पडलो, पण पळालो नाही.' टाळ्या पडायच्या. दाजी पुढच्या रांगेत बसलेले असायचे, आणि तेही टाळ्या वाजवायचे. कधी एका शब्दानं बोलले नाहीत. मी त्यांच्या नजरेला नजर देत नव्हतो.

दहाव्याच्या वर्षी निवडणूक होती. घाटावर पत्रकार होते, विरोधातले होते. या माणसानं मला कानफटात मारून आमदार केलं, असं बोललो असतो तर माझं ते वाक्य तिथंच संपलं असतं. म्हणून दाजींना शांत आणि संयमी केलं. ज्या माणसानं मला तोंड दाखवायला शिकवलं, त्याच्या दहाव्याला मी तोंड लपवलं. हे आता लिहिताना सोपं वाटतंय, तेव्हा असं काही वाटलं नाही. तेव्हा फक्त घाई होती.

घाई म्हटल्यावर दुसरी गोष्ट आलीच.

पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. तुला आठवतंय. सोमेश्वर पुढं झाला, म्हणाला, आईला अंतर देणार नाही. सून बोलली. भावकीतले बोलले. वडावर कावळे बसले होते, एक उतरेना. पाऊण तास झाला. मला पुढं अजून दोन दहावे होते आणि पुण्यात तिकिटाची बैठक. मी भटजींकडं बघितलं. मग हातातल्या घड्याळाकडं बघितलं. मग परत भटजींकडं. बोललो काही नाही. आमदारानं बोलावं लागत नाही. भटजींनी मान खाली घालून दर्भ घेतला, त्याचा कावळा वळला आणि पिंडाला लावला. झालं, म्हणाले. लोक उठले.

दाजी कशासाठी अडले होते, ते मला वाटतं त्या घाटावर फक्त मला ठाऊक होतं. आणि मीच त्यांना गवताचा कावळा लावून वाटेला लावलं.

लिहिलं बाई. जमलं एकदाचं.

गेल्या निवडणुकीत पडलो तेव्हा खरंच पळालो नाही, आक्का. शेवटच्या फेरीपर्यंत बसलो. जिंकलेल्याच्या गळ्यात हार घातला. लोक म्हणाले, साहेबांचं काळीज मोठं. काळीज कसलं, मला सारखं वाटत होतं की बाहेर यावं आणि दाजी उभे असावेत. गाडीत बसलो आणि ड्रायव्हरला म्हणालो, मार्गासनीला घे. चेलाडीला पोचलो आणि परत फिरवली. तुझ्या दारात कुठल्या तोंडानं उभा राहू, कळेना.

पुढच्या महिन्यात भोरला माझ्या पंचाहत्तरीचा कार्यक्रम ठेवलाय. पुस्तक छापतायत, पहिल्याच पानावर ते वाक्य आहे. मी सांगितलंय, ते काढा, त्या जागी काय घालायचं ते मी देतो. वैरणीच्या माळ्याचं सगळं त्या दिवशी माईकवर सांगणार आहे. पण आधी तुला सांगितल्याशिवाय नाही.

पित्रात दाजींची तिथी दशमीला येते. त्या दिवशी तू घाटावर घास ठेवतेस, हे मला बाहेरून कळतं. मी येऊ का, एवढंच विचारायचंय. माईक नको, कुणी माणसं नकोत. दाजींपुढं उभा राहून जे गिळलं ते एकदा बोलायचंय. ये म्हणालीस तर येईन. नाही म्हणालीस तर ते माझ्या कर्माचं, तुझ्यावर रुसणार नाही.

रत्ना नमस्कार सांगते. स्वप्नाली बाळ, तुला पुरता दमवला. अभ्यास कर.

तुझ्या माहेरचं शेंडेफळ,
माजी सगळंच, भाऊ तेवढा अजून आजी, असं समजून
कुंडलिक

मार्गासनी,
५ सप्टेंबर २०२५

चि. कुंडलिक यास आक्काचा आशीर्वाद.

(आबा, आजी बोलते तसंच्या तसं लिहितेय. सुधारायला गेले तर ओरडते. स्वप्नाली.)

तुजं पत्र आलं. चार येळा वाचून घेतलं. स्वप्नाली म्हनली, आजी, आता मला पाट झालं. म्हनलं, हुऊ दे, शाळंत कुटं असलं शिकिवत्यात?

आमी बरी हाओत. भात पोटरीला आलाय. गौरी आल्या नि गेल्या. रत्नाला सांग, अर्धा मोदक दिलास ते बेस केलंस, पाव दिला असतास तरी चाललं असतं.

आदी तुजी चूक दुरुस्त करते. एक न्हाई, दोन दिल्या हुत्या. दुसरी शिडीवरच दिली, तू रडन्यात हुतास म्हनून तुला कळली न्हाई. तुजं दाजी भोरातनं माघारी आलं आन गोठ्यात जाऊन बसलं. म्या भाकरी घिऊन गेले तर डोळं पुशीत हुतं. म्हनलं, काय झालं? तर म्हनलं, लई जोरात लागली गं पोराला.

आन ते तुजं वाक्य. त्ये तुजं भाशान ऐकून घरी आलं की पोट धरून हसायचं. म्हनायचं, आज बी पळाला न्हाई तुजा भाऊ. म्या म्हनायची, आवं मग खरं सांगा की चारचौघांत. तर म्हनायचं, ऱ्हाऊ दे. त्या वाक्याच्या टेकूवर हुबा हाय त्यो. टेकू काडला तर पडंल. तवा भोरात सांग, न्हाईतर नको सांगू. त्यांचा तुज्यावर राग कदीच नव्हता. भाशानात शांत म्हनलास त्याचं मातर मला लागलं. लई लागलं. त्ये खोटं न्हाई बोलनार. पर तेवढ्यासाटी बहीन सा-सा वर्सं अबोला धरती व्हय रं?

आता माजं ऐक. तू लिवलंस, भटजीला तू खुनावलंस. म्या बगितलं त्ये. तुजं घड्याळ बी बगितलं. पर फुडचं तू बगितलं न्हाईस. तू तवर रस्त्याकडं तोंड केलं हुतंस. भटजीनं दर्भ हातात घेतला आन माज्याकडं बगितलं. मानूस चांगला. बारीक आवाजात म्हनला, सोजराबाई, थांबायचं का अजून? तुमी म्हनाल तसं.

म्या मान हालवली. नको म्हनले.

तुला उशीर हुईल म्हनून, कुंडलिका. पुन्याला तुजी बैठक हाय, तिकीट गेलं तर कसं हुईल, भावाचं नुस्कान हुईल. पन्नास वर्सं ज्याच्या ताटात जेवले त्यो मानूस त्या वडाखाली अडून बसला हुता, आन मला तुजी काळजी पडली. न्हानपनापास्नं तुला कडंवर घ्यायची सवय, ती त्या टायमाला बी सुटली न्हाई. म्याच त्यास्नी गवताचा कावळा लावला.

मग तू पाया पडाय वाकलास. म्या पाय आत घेतलं त्ये रागानं न्हाई रं. ह्या पायाची लायकी न्हाई असं वाटलं. तवापास्नं तुजा फोन आला की मला माजी मान दिसती. म्हनून सोमेश्वरला म्हनायची, रानात गेली म्हन. त्यो बी बिचारा तुज्यावर रागावून बसला, आन म्या त्याला खरं सांगितलं न्हाई. तुज्या पत्रानं माजं तोंड उगडलं. आता घरात समद्यांस्नी सांगितलंय.

हे ऐकून तुला राग आला तर तसं लिव. न्हाई आला तर ये.

दशमीला सकाळीच ये. गाडी फाट्याला सोड, चालत ये, मंजी वस्तीवरची मानसं गोळा हुनार न्हाईत. घड्याळ रत्नापाशी ठेवून ये. त्यास्नी आवडायचं त्ये करते, नाचनीची भाकरी आन सुक्या बोंबलाचं कालवन. पित्रात असलं चालत न्हाई म्हनून सून कुरकुरती. म्हनलं, त्ये कुटं शांत नि धार्मिक हुतं!

दोगं घाटावर बसू. तुजं तू बोल, माजं म्या बोलते. कावळा यील तवा यील. दुपार हुईल, न्हाईतर सांज हुईल. तुला आता कुटं जायचंय?

आलास की आदी पाया पड. ह्या बारीला पाय आत घेत न्हाई.

तुजी वाट बगत घरातच बसलेली, रानात न्हाई गेलेली,
आक्का